दौलतरावांचा अंगठा

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मध्येच कोणी बोट दाखवायला नको.

जऊळक्याला स्टेशनच्या वाटेवर माझं मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एका दुपारी धीरज आला. काखेत जुना लॅपटॉप, हातात मेथीच्या चार जुड्या. त्याच्या वडिलांना, दौलतरावांना, लकवा मारून दोन महिने झाले होते. उजवा हात गेला होता. वाशिमच्या फिजिओवाल्या सुप्रिया मॅडमनी सांगितलं होतं की उजव्या अंगठ्याला रोज काम द्या, आणि काम असं द्या की माणूस कंटाळून उठणार नाही.

"सोपा गेम टाक बे एखांदा," धीरज म्हणाला. "शेतीचा असन तं बरंच. पेरलं, पानी देल्लं, तोडलं. बाबाले गमन त्याच्यात."

तसा गेम माझ्याकडे होता. त्याच्या चित्रावर काचेच्या घुमटात एक हिरवं रोप आहे, असं मला पक्कं आठवत होतं. मी तो टाकला, जुना कंट्रोलर जोडून दिला आणि मेथी घरी नेली. आईनं संध्याकाळी तिची डाळभाजी केली. झकास झाली होती.

घुमटातलं रोप शेतीच्या गेमचं नव्हतं. ते 'डेक नाइन्टीन'चं होतं. अंतराळात एक मोठं जहाज आहे, जहाजात भाजीपाल्याची बाग आहे, बागेत अळी शिरली आहे, माणसं सगळी मेली आहेत आणि आपण एकटेच खाली उतरतो, असा तो गेम. भल्याभल्या पोरांनी त्याच्यापायी कंट्रोलर भिंतीवर आपटले आहेत. मी स्वतः पहिल्या दाराच्या पुढं कधी गेलो नव्हतो. आणि तो मी एक हात लुळा पडलेल्या बासष्ट वर्षांच्या माणसाला दिला, ज्याला जगात सगळ्यात जास्त किळस कशाची येत असेल तर अळीची.

दौलतरावांची किळस साधीसुधी नव्हे. कोणाला देव पावतो, कोणाला पैसा पावतो. त्यांना किळस पावली.

अकरा वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. किन्हीराजाला मामाचं लग्न होतं. पंगतीला वांग्याची भाजी होती आणि वांगी यांच्याच वावरातली, आई गोमतीबाईनं मोठ्या मानानं पाठवलेली. समोरच्या ओळीत नवरीकडचे एक म्हातारे जेवत होते. त्यांनी घास घेतला, पत्रावळीकडं पाहिलं आणि चावायचं थांबले. फोडीतून अर्धी अळी बाहेर आली होती. अख्खी निघाली असती तर काढून फेकली असती, बोभाटा झाला नसता. पण अर्धी निघाली, म्हणजे दुसरी अर्धी कुठं गेली ते सगळ्या पंगतीला कळलं. म्हातारे उठून मांडवामागं गेले आणि त्यांचा आवाज पुढं ऐकू आला. पुढची कित्येक वर्षं या घराला किन्हीराजात 'अळीवाले' म्हणत.

त्या दिवसापासून दौलतरावांच्या उजव्या अंगठ्याला काम लागलं. वांग्याची अळी मोठी हुशार आणि तेवढीच घाणेरडी. टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडून आत शिरते आणि मागून आपल्याच विष्ठेनं ते भोक लिंपून घेते. डोळ्याला वांगं चकचकीत दिसतं. दौलतराव वांगं हातात घेऊन एकदाच फिरवायचे, अंगठा सालीवरून सरकायचा, आणि जिथं ते लिंपण असेल तिथं त्यांचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं व्हायचं. की ते वांगं बाद. कमरेला कायम एक पिशवी. किडकं फळ, सुकलेला शेंडा, जे सापडेल ते पिशवीत आणि पिशवी बांधावरच्या खड्ड्यात जाळायची. किडकं वावरात सोडायचं नाही म्हणजे नाही. हौसाबाई, त्यांची बायको, म्हणायच्या, "लग्नातबी हे पिशवी बांधूनच आले असते. मायनं सोडून घेतली म्हनून."

वाशिमच्या भाजीबाजारात रतनसिंग अडत्या हर्राशीच्या, म्हणजे लिलावाच्या, आधी प्रत्येकाच्या कॅरेटमधलं एक वांगं उचलतो आणि गिऱ्हाइकासमोर चाकूनं फोडून दाखवतो. ती तिथली रीतच. दौलतरावांच्या कॅरेटला वीस वर्षांत चाकू लागला नव्हता. "दौलतभाऊचा माल हाय," रतनसिंग एवढंच म्हणायचा आणि बोली सुरू व्हायची.

मग एका सकाळी वांगी निवडता निवडता दौलतराव ढिगावर आडवे झाले. उठले तेव्हा उजवा हात नुसता लोंबत होता आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या घाणीची किळस करणाऱ्या माणसाला आता स्वतःचीच किळस यायला लागली. हौसाबाई खिचडी भरवायच्या, ती हनुवटीवर उतरायची, आणि दौलतराव डोळे मिटून घ्यायचे.

"हा हात माह्या नाई," ते म्हणायचे. "मेलेला सरडा हाय. कोनं आनून लावला मले?"

माल निवडायचं काम धीरजकडं आलं. त्यानं डोळ्यांनी निवडला. दुसऱ्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकानं हट्ट धरला, रतनसिंगनं नाइलाजानं चाकू घेतला आणि वांग्यातून गुलाबी, जाडी अळी डोकं हलवत बाहेर आली. त्या दिवसापासून या घराच्या प्रत्येक कॅरेटमधली एक नाही, तीन-तीन वांगी फुटायला लागली. धीरजनं घरी येऊन हे खरं खरं सांगितलं, हा त्याचा गाढवपणा.

"तीन?" दौलतरावांनी विचारलं.

"तीन."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी धीरजनं दबकत विषय काढला. "बाबा, वांगं सोडून देऊ. उपटून टाकू. सोयाबीन पेरू, त्याले कोनी फोडून पायत नाई."

दौलतरावांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "या बहाराच्या शेवटच्या तोड्यावरी थांब. तवरी अंगठा आला तं आला. नाई आला तं मीच पयलं झाड उपटतो. डाव्या हातानं."

असं सगळं चाललं असताना मी दिलेला गेम त्या घरात पोचला.

सुप्रिया मॅडमचा नियम कडक होता. खेळताना डावा हात रुमालानं कमरेला बांधून ठेवायचा, नाहीतर माणूस चोरून त्याच्याकडूनच काम करून घेतो. जिथं पिशवी असायची तिथं आता हात बांधला गेला. कंट्रोलर पोत्याच्या उशीवर ठेवला. धीरजनं सगळी बटणं उजवीकडं फिरवून घेतली. अंगठ्यानं दांडी ढकलली की गडी चालणार, बोटानं मागचं बटण दाबलं की वार.

पडद्यावर जहाजातली बाग उघडली. भिंतींवर शेंबडासारखा चिकट ओघळ, खाली काळा पडलेला पाला, आणि वरून टप्पकन पडणाऱ्या, मनगटाएवढ्या जाड अळ्या.

"हे काय हाय?" दौलतरावांनी विचारलं.

"शेती," धीरज म्हणाला. बिचाऱ्याचा माझ्यावर विश्वास होता.

"छी! हे कोनाचं वावर हाय बे? रोपा-रोपात बोटभर जागा नाई. खाली सगळं सडेल. कोन्या फुहडानं लावलं हे?"

धीरजनं खालची अक्षरं वाचली. "बाबा, हे... अंतराळातलं दिसते."

"अंतराळात झाडू नाई का?"

आता हा गेम बंद करून माझ्या तोंडावर मारायला पाहिजे होता. पण दौलतरावांना घाण दिसली की ती साफ होईपर्यंत त्यांना उठवत नाही. त्यांनी लुळा अंगठा दांडीवर ठेवला. गडी दोन पावलं चालला आणि मेला. पडद्यावर मोठ्या अक्षरात काहीतरी आलं.

"काय म्हनते ते?"

"तुमचं खत झालं, म्हनते. मेलेल्या मानसाचं ते लोक खत करतेत, बागेले टाकाले."

"मानसाचं? थू!" दौलतराव थुंकले. ओठ धरत नव्हते, थुंकी हनुवटीवरून सदऱ्यावर आली. हौसाबाईनं पदरानं पुसली. त्यांनी मान फिरवली आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "पुन्हा लाव."

मग रोज दुपारी, जेवणं झाली की, दौलतरावांचं खत व्हायला लागलं. एका बाबतीत मात्र त्यांनी धीरजला पहिल्याच दिवशी मागं टाकलं. या गेममध्ये सगळं वरून, कोपऱ्यातून, तिरपं दिसतं. दांडी सरळ ढकलली की गडी तिरपा जातो. धीरजला ते जमेना.

"मचानावरून वावर असंच दिसते," दौलतराव म्हणाले. "पीक खायाले रोही कोन्या धुऱ्यानं, कोन्या बांधानं घुसते ते पायाले कधी वर चढला असता तं समजलं असतं तुले. सरी तिरपी, तं अंगठाबी तिरपा."

पण दुसऱ्या बाबतीत ते हट्टानं मरायचे. गेममध्ये पुढं जाल तशी ताकद वाढवून मिळते, ती बंदुकीवर लावा की विळ्यावर, आपली मर्जी. दौलतरावांनी सगळी विळ्यावर लावली. "अळीले बंदूक? लोकं हासतीन." आणि प्रत्येक खोली मारून झाली की सगळं जग पुढच्या दाराकडं पळतं, हे मागं फिरायचे. मेलेल्या अळ्या, सडकी फळं, एकेक उचलून गड्याच्या पिशवीत भरायचे. पिशवी जड झाली की गडी म्हाताऱ्या बैलासारखा चालायचा आणि पुढच्या खोलीत अळ्या त्याला लोळवायच्या.

"बाबा, ते नका उचलू! वझनानं चालता येत नाई त्याले!"

"मंग काय वावरात टाकून देऊ? किडकं जाग्यावर सोडनारा मानूस हाव का मी?"

"हे आपलं वावर नाई नं!"

"पाय कोनाचे हायेत त्याच्यात? माह्ये हायेत नं?"

धीरजनं मला फोन लावला. मी इंटरनेटवर शोधलं. जगभरच्या खेळणाऱ्यांचं एकच सांगणं होतं: काही उचलू नका, पळा. मी तसं कळवलं. दौलतरावांचा निरोप आला, "त्या सगळ्याईचे वावरं पाहून ये मनाव एक डाव."

असे रडतखडत ते तिसऱ्या खोलीपर्यंत पोचले आणि तिथं अडकले. या खोलीत अळ्या फरशीखाली असतात. पडद्यावर काहीच दिसत नाही. फरशी स्वच्छ, चकचकीत. अळी खाली असली की हातातला कंट्रोलर बारीक थरथरतो, तेवढीच खूण. तिथं वार केला तर वाचलात. पुढं पाऊल टाकलंत तर खत.

दौलतराव नऊ दिवस त्या एकाच खोलीत मेले.

"बाबा, थरथरलं की थांबा नं."

"काय थरथरलं?"

धीरजनं कंट्रोलरवर हात ठेवला. "हे पाहा. आता. लागलं?"

"नाई."

"आता?"

"नाई लागत बे मले काही!"

हौसाबाई भांडी उचलायला आल्या होत्या. जाता जाता त्यांचा हात कंट्रोलरला लागला. "काय मेलं भुनभुन करून राह्यलं," त्या म्हणाल्या. "माशी अडकली का याच्यात?"

अंगठा हलत होता, हे खरं. दांडी ढकलत होता, वळवत होता. पण त्याला लागत काही नव्हतं. आणि नुसत्या हलणाऱ्या अंगठ्यानं वांगं निवडता येत नाही. दौलतरावांनी लॅपटॉप बंद केला. तीन दिवस उघडला नाही. हात मांडीवर ठेवून त्याच्याकडं असे पाहायचे, जणू पंगतीतली पत्रावळच समोर आहे.

चौथ्या दिवशी धीरज बाहेर कोणाला तरी विचारत होता, झाडं उपटायला किती माणसं लागतील. खिडकीतून ते ऐकू आलं. "हौसे," दौलतराव म्हणाले, "हात बांध माह्या."

त्या दुपारी ते दोनदा मेले. तिसऱ्यांदा गडी खोलीच्या मधोमध आला आणि दौलतराव थांबले. फरशीवर काही नव्हतं. अंगठा दांडीवर होता. त्यांनी तो किंचित उचलला, पुन्हा टेकवला. कपाळाला आठी पडली. मग नाक मुरडलं. मग सगळं तोंड एरंडेल प्याल्यासारखं वाकडं झालं.

"छी!" ते ओरडले. "छी, छी! हौसे! छी!"

हौसाबाई पिठाच्या हातानं धावत आल्या. "काय झालं? उलटी झाली का?"

"अठी हाय! अठी, या जाग्यावर! घान लागून राह्यलं माह्या अंगठ्याले!"

"मंग पुसून देतो नं—"

"पुसू नको!" दौलतरावांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंड किळसेनं वाकडंच होतं. "पुसू नको वं. राहू दे."

त्यांनी वार केला. फरशी फुटली आणि हिरवट चीक उडवत अळी वर आली.

त्यानंतरचा गेम मी धीरजच्या तोंडून ऐकला, आणि पहिल्यांदा मला खोटा वाटला. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात एक भट्टी होती. बाकीचे लोक पळत सुटलेले, त्यांना ती दिसतही नाही. दौलतरावांनी पाहताक्षणी पिशवी तिथं रिकामी केली. मग प्रत्येक खोलीतून फेऱ्या मारून सगळी सड आणून जाळली. शेवटी राणी अळी येते. मागं सोडलेल्या सडीवर ती पोसलेली असते, आणि लोकांच्या पडद्यावर ती हत्तीएवढी निघते. दौलतरावांच्या पडद्यावर ती निघाली मांजरीएवढी. सबंध जहाजात तिला खायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी विळ्याचा एक वार केला.

"जिकले बाबा!" धीरजनं उडी मारली. "संपला गेम! त्या दारातून बाहेर निंघा आता!"

दौलतराव पडद्याकडं टक लावून होते. राणीचा पुढचा भाग तिथं पडला होता.

"हे अर्धी हाय," ते म्हणाले.

"हो, तं?"

"दुसरी अर्धी कोठी गेली?"

"बाबा, गेम संपला नं..."

"कोठी गेली ते पाय आधी."

बाप-लेक दोन दुपारी त्या जहाजात अर्धी अळी शोधत फिरले. एका पाइपामागं सापडली, ती भट्टीत घातली, तेव्हा दौलतराव दारातून बाहेर आले.

शेवटच्या तोड्याला दौलतराव स्वतः निवडायला बसले. उजवा हात अजून जड होता. वांगं एकदा फिरवायचं तिथं चार-चारदा फिरवावं लागत होतं. पूर्ण दिवसात एकच कॅरेट झालं. बाद झालेला ढीग खड्ड्यात गेला, फक्त एक वांगं त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेम्पोत धीरजच्या शेजारी बसून वाशिमला गेले.

"या, या दौलतभाऊ!" रतनसिंगनं सतरंजी झटकली. "हात कसा हाय आता?"

"हात राहू दे. किती फोडतं आमच्या कॅरेटातले?"

रतनसिंग ओशाळला. "आता काय सांगू भाऊ. गिऱ्हाईक मानत नाई म्हनून..."

"किती?"

"तीन."

"फोड."

गिऱ्हाइकं जमली. पहिलं वांगं फुटलं, आत पांढरंशुभ्र. दुसरं, पांढरंशुभ्र. तिसरं, तसंच. रतनसिंग खुशीत चाकू पुसायला लागला, तेव्हा दौलतरावांनी खिशातलं वांगं काढून त्याच्यासमोर धरलं. जांभळं, तुकतुकीत, तेल लावल्यासारखं.

"हेबी फोड."

"आता कायले? झाले नं तीन."

"आधी पाहून सांग. कसं हाय?"

रतनसिंगनं ते उजेडात धरून फिरवलं. "एक नंबर."

"फोड मंग."

चाकू लागला आणि गुलाबी अळी डोकं हलवत बाहेर आली. जमलेली माणसं मागं सरकली. कोणीतरी म्हणालं, "छी!"

"हे कॅरेटातलं नाई," दौलतराव म्हणाले. "हे काल मी काढलं. तू आता डोळे फाडून पाह्यलं, तुले भोक दिसलं का?"

रतनसिंगनं दोन्ही फाकी जोडून पुन्हा फिरवल्या. त्याला सापडेना. दौलतरावांनी जड हात पुढं केला, अंगठा सालीवरून सरकवला आणि देठाजवळ टेकवला.

"अठी," ते म्हणाले, आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

रतनसिंगनं चाकू सतरंजीखाली सारला आणि बोली पुकारली. वांगं उपटायचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. धीरज निवडतो त्या कॅरेटमधलं एक वांगं अजून फुटतं. दौलतरावांच्या कॅरेटला लाल चिंधी बांधलेली असते, त्याला चाकू लागत नाही. ती गुलाबी अळी, तिच्या वांग्यासकट, मात्र त्या सकाळी सतरंजीवर राहिली नव्हती. दौलतरावांनी ती कागदात बांधून घरी आणली आणि खड्ड्यात जाळली.

मागच्या आठवड्यात ते माझ्या दुकानात आले. धीरजचा हात धरून पायऱ्या चढले, खुर्चीवर बसले.

"मेथी खाल्ली नं बे तू?"

"खाल्ली काका."

"मंग माह्या शेतीचा गेम?"

मी लगबगीनं मोबाइलवर खरा शेतीचा गेम काढून दाखवला. पेरा, पाणी द्या, तोडा. वांगी गोल, चकचकीत, एकसारखी. दौलतरावांनी पडद्यावरच्या वांग्यावरून अंगठा फिरवला.

"याले अळी कोठी लागते?"

"याच्यात अळी नसते काका."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू माझ्या मिशीलाच काहीतरी लागलंय. "अळीबी ज्याले तोंड लावत नाई, ते वांगं मानसानं खावं?" खुर्चीवरून उठत ते म्हणाले. "थू. दुसरा गेम पाय. शेतीचाच पायजे, पन अळीवाला."

तसा गेम मला अजून सापडलेला नाही. मेथीच्या चार जुड्या अंगावर तशाच आहेत.